बाईंच्या घरी कोणी गेलं का?

आमच्या दहावीच्या ग्रुपवर सकाळी आधी गुलाब येतात, मग सुविचार, मग गुडघेदुखीवरचे उपाय. मी त्यातलं काही बघत नाही. गुलमंडीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. दिवसभर बायका काउंटरवर साडीचा पदर पसरून ‘हा नको, याच्यापेक्षा जरा डार्क’ करत असतात आणि माझा जन्म ‘ताई, उजेडात बघा, हाच आहे तो’ हे सांगण्यात चाललाय. मोबाईलला फुरसत कुठली? पण एप्रिलमधल्या त्या दुपारी तो काउंटरवर सारखा थरथरायला लागला, म्हणून उचलला.

पहिला मेसेज कन्नडवाल्याचा होता. हा आमच्या वर्गात कन्नड तालुक्यातून शिकायला आलेला, शाळेच्या मागं खोली करून राहायचा. आता गावाकडं ऊस आणि आद्रक करतो. त्यानं लिहिलं होतं, ‘बाईंकडं वाईट झालं. मयत झाली म्हणतात. आत्ता बाजारात कळलं.’ बाई म्हणजे आमच्या वर्गशिक्षिका. आठवी ते दहावी त्याच होत्या आम्हाला, भूगोल शिकवायच्या. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

त्याच्या खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘बाई गेल्या?’ त्याच्या खाली लगेच, ‘अरेरे, भावपूर्ण श्रद्धांजली.’ झालं. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. मेळघाटात बदली झालेल्यानं हात जोडले, पुण्यातल्यांनी जोडले, दुबईतल्यानं जोडले. बाई गेल्या हे कुणी सांगितलं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मी तर त्यांच्याही वर कडी केली. समोर एक गिऱ्हाईक मोरपंखी अस्तरासाठी ताटकळत उभं असताना मी तिथंच उभ्या उभ्या भला मोठा मेसेज लिहिला. बाईंनी आम्हाला नकाशातल्या नद्या नाही, तर आयुष्याची वाट दाखवली, असलं काहीतरी. आमच्या डोक्यावरचं छत्र हरपलं, तेही घातलं. रडू आलं लिहिताना, खोटं कशाला सांगू. पण लोकांनी वाहवा सुरू केली, ‘डोळ्यांत पाणी आणलंस’, ‘लेखिका व्हायची होतीस तू’, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. संध्याकाळपर्यंत कितीतरी वेळा फोन उघडून बघितला, अजून कोण काय म्हणालं ते. बाई गेल्याच्या दुःखापेक्षा माझा मेसेज गाजल्याचं सुख मोठं होतं, आणि आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

त्या हातांच्या रांगेत मधेच पुण्याच्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘बाईंच्या घरी कोणी गेलं का?’

कुणी उत्तर दिलं नाही. त्याच्या खाली आणखी हात पडले आणि तो प्रश्न वर सरकून गेला. मी तो वाचला होता. मनात म्हटलं, इथं राहणारे जातील की कुणीतरी. आणि मी कुठं राहते? मी काय दुबईला राहते? क्रांती चौक ओलांडला की आत दोन गल्ल्या सोडून बाईंचं घर. स्कूटीवर बसलं असतं तर चहा गार व्हायच्या आत परत आले असते.

रात्री जेवताना मी नवऱ्याला मेसेज वाचून दाखवला. तो म्हणाला, “छान लिहिलंस. जाऊन आलीस का?”

“लग्नसराई चाललीय. दुकान काय तुझा बाप बघणार?” मी म्हटलं. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी म्हटलं. माझ्या तोंडापुढं तो नेहमीच गप्प बसतो, आणि मला नेहमी वाटतं की मी जिंकले.

मे महिन्यात आमच्या वर्गाचा मेळावा ठरलेला होता. तो आमच्या मॉनिटरच्या डोक्यातून निघाला. शाळेत असताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा तोच. आता प्लॉटिंगचं काम करतो, पांढरी गाडी, पांढरे बूट, आणि जे हाती घेईल ते धडाक्यात. सुट्टीत शाळा मोकळी असते म्हणून शाळेचाच हॉल मागितला. घंटा होणार, प्रार्थना होणार, हजेरी होणार, मग ज्यानं त्यानं आपल्या आठवणी सांगायच्या, आणि मग आमरस-पुरी. आणि सुरुवातीला, जे गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता. आमच्या वर्गातले दोघं गेले होते, मुख्याध्यापक गेले होते, आणि बाई.

दोनेक दिवस राहिले असताना मॉनिटरचा फोन आला. “श्रद्धांजलीचा फ्लेक्स गेला छापायला. पण बाईंचा फोटो ग्रुप फोटोतनं काढलाय, तो हॉलमधल्या स्क्रीनवर लई फाटतोय यार. तुझं घर जवळ आहे. काकांकडून एखादा चांगला फोटो आण ना.”

काका म्हणजे बाईंचे मिस्टर. ते पाटबंधारे खात्यात होते. शाळा सुटायच्या वेळेला स्कूटर घेऊन गेटवर उभे असायचे. बाईंना यायला उशीर व्हायचा, कारण बाई स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायच्या. तेवढ्या वेळात काका आम्हा मुलींच्या सायकलींच्या पडलेल्या चेन बसवून द्यायचे. हात ग्रीसनं काळे करून घ्यायचे, आणि मग बाई आल्या की त्यांच्या पदराला हात पुसायला जायचे. बाई पदर ओढून घ्यायच्या. रोज तेच, आणि आम्ही रोज हसायचो.

जायला वेळ नव्हता, म्हणजे मी काढला नाही. लँडलाइनचा नंबर मिळवला आणि दुकानातूनच फोन लावला. बाईमाणसाचा आवाज आला. मला वाटलं सून असेल.

“काका आहेत का?” मी विचारलं.

“कोण बोलतंय?”

ते ‘कोण बोलतंय’ मी झोपेतही ओळखलं असतं. फळ्याकडं तोंड असायचं, खडू नकाशावर गोदावरी काढत असायचा, आणि मागं कुजबुज झाली की न वळता तोच प्रश्न यायचा. मी अस्तराच्या गठ्ठ्यावर बसले आणि नाव सांगितलं, वर्ग सांगितला.

“दहावी ब? लाल रिबन?” बाई म्हणाल्या. शाळेत पांढरी रिबन लावायचा नियम होता आणि मी ‘पांढरी धुवायला टाकलीय’ असं सांगून लाल लावून यायची, आणि त्यावरून आमची रोज सकाळी जुंपायची.

“हो बाई.”

“अगं, काका नाहीत आता. गेले. महिना होऊन गेला.”

त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. मयत झाली होती ती खरीच होती. आणि आम्ही भलत्याच माणसाला श्रद्धांजली वाहून मोकळे झालो होतो.

“आम्हाला कळलंच नाही बाई,” मी म्हटलं. विचार करायच्या आधीच तोंडातून निघालं. दुकानात बसून सवयच लागलीय, गिऱ्हाईक दुखावेल असं काही तोंडातून येतच नाही.

“कसं कळणार?” बाई मलाच समजावायला लागल्या. “तुम्ही सगळे आपापल्या व्यापात. मुलानं पेपरात दिलं होतं, पण पेपर आता कोण वाचतंय. काकांकडं काय काम काढलं होतंस?”

काय सांगणार होते? तुमचा फोटो पाहिजे, हार घालायला? म्हटलं, “तुम्हालाच बोलवायचं होतं. आमच्या वर्गाचा मेळावा आहे शाळेत. तुम्हाला झेपेल का, ते काकांना विचारणार होते.”

“येईन की,” बाई म्हणाल्या. एका दमात. “लग्नकार्याला जात नाही मी सध्या, पण शाळा म्हणजे काही कार्य नव्हे. मला वाटतच होतं, तुमच्यापैकी कुणाचा तरी फोन येईल. कोण कोण येणार आहे सांग.”

मी नावं सांगत गेले आणि त्या प्रत्येक नावाला हं, हं करत गेल्या. इतक्या खूश झाल्या होत्या की मला फोन ठेवावा की आपटावा कळेना.

मॉनिटरला सांगितलं तर त्याचा पहिला शब्द काय असावा? “अगं पण फ्लेक्स छापून झाला ना.”

“फ्लेक्सचं पडलंय तुला?” मी दुकानात ओरडले. काउंटरवरच्या बायका साड्या सोडून माझ्याकडं बघायला लागल्या.

मग कन्नडवाल्याला फोन केला आणि त्याला धुवून काढला. तो शांतपणे म्हणाला, “मी मयत झाली येवढंच लिव्हलं होतं. बाई गेल्या आसं मी कुठं म्हणलो?”

“मग नंतर दोन दिवस हात जोडत होतास ते कशाला?”

“समद्यांनी जोडले म्हणून.” मग हळूच म्हणाला, “तू येवढं लिव्हलंस. मला वाटलं तुला नक्की ठावं असंल. तू तितंच ऱ्हातीस ना.”

सगळ्यांत मोठा मेसेज तर माझाच होता.

जुने मेसेज एवढ्या दिवसांनी सगळ्यांच्या फोनमधून पुसता येत नाहीत, असं कळलं. म्हणून मॉनिटरनं नवीन ग्रुप काढला आणि पहिलाच हुकूम सोडला, ‘बाई हयात आहेत. येणार आहेत. त्यांना काही कळता कामा नये. जुना ग्रुप सगळ्यांनी सोडा.’ नवीन फ्लेक्स छापायला दिला. श्रद्धांजलीत बाईंच्या जागी काकांचं नाव घातलं. एकजण म्हणाला, बाईंचा सत्कार करू, शाल-श्रीफळ. सगळ्यांनी अंगठे दाखवले. चोरी लपवायची म्हटल्यावर आमच्या वर्गाची एकी बघण्यासारखी होती. शाळेतही अशीच असायची.

मेळाव्याच्या दिवशी मी जरा आधीच पोचले. शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. जुना. डेकोरेशनवाल्याकडं दोन्ही गुंडाळ्या गेल्या होत्या आणि त्यानं हाताला आली ती लावून टाकली. ग्रुप फोटोतून कापलेल्या बाई, फाटलेल्या, डोळे मिटलेल्या वाटणाऱ्या, भोवती छापील झेंडूचा हार, खाली छापील समई, आणि वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. रस्त्यावरून जाणारे लोक मान वर करून वाचत होते.

त्या डेकोरेशनवाल्याला मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. शिडी आली, मॉनिटर पांढऱ्या बुटांनी स्वतः वर चढला, कन्नडवाल्यानं खालून शिडी धरली, आणि आम्ही फ्लेक्स ओरबाडून काढला, घडी घालून माझ्या कारच्या डिकीत कोंबला. नवा लागतोय तोवर गेटसमोर रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. फिकट निळी सुती साडी, हातात पर्स, केस पांढरे झालेले, बाकी त्याच. मॉनिटर त्यांना आणायला गाडी पाठवणार होता. “मला काय धाड भरलीय? रिक्षा मिळते की,” त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडं बघितलं. वाचलो रे बाबा, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. आम्ही सगळे ओळीनं त्यांच्या पाया पडलो, आणि मी वाकले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. तो रिबनीचा होता.

घंटा झाली, प्रार्थना झाली. मग दोन मिनिटं शांतता. मॉनिटरनं नावं वाचली आणि शेवटी म्हणाला, “आणि आमचे काका.” बाई आमच्याबरोबर उभ्या राहिल्या, हात पुढं गुंफून, मान खाली. मी डोळे मिटायच्या ऐवजी त्यांच्याकडंच बघत होते. काकांच्या नावाला त्यांची मान हलली नाही. ती दोन मिनिटं संपता संपेनात.

हजेरी बाईंनीच घेतली. जे आले नव्हते त्यांच्या नावावर थांबायच्या. “हा कुठं असतो?” कुणीतरी सांगायचं, पुण्याला, नाशिकला, तो काय परवाच ग्रुपवर होता. एका नावाला त्यांनी विचारलं, “याला इतक्यात कुणी भेटलंय का?” “ग्रुपवर असतो बाई,” मागून कुणीतरी म्हणालं. “बरं,” म्हणाल्या आणि पुढच्या नावाला गेल्या.

मग आठवणी सुरू झाल्या. हसून हसून पोट दुखलं, हे खरंच आहे. वेरूळच्या सहलीत डबा माकडानं नेलेला, प्रयोगशाळेतला सांगाडा वर्गात आणून बसवलेला, दहावीच्या शेवटच्या पेपरला सगळ्यांनी एकमेकांच्या शर्टावर सह्या केलेल्या आणि घरी जाऊन मार खाल्लेला. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकांच्या ग्रीसच्या हातांची गोष्ट मी सांगितली. बाई म्हणाल्या, “माझ्या कितीतरी साड्या गेल्या त्यात.” सगळे हसले. मी माइक ठेवून खाली आले आणि वाटलं, आता पुरे, घरी जावं.

पण मग कन्नडवाला उठला. खरं तर त्याला बोलायचं नव्हतं, पण ढकलला सगळ्यांनी. म्हणाला, “मला नववीत कावीळ झाली होती. खोलीवर एकटाच पडलो होतो. तिसऱ्या दिवशी बाईंनी वर्गातली दोन पोरं पाठवली, जा, बघून या म्हणून. पोरांनी सांगितलं, झोपलाय. बाई म्हणल्या, झोपलाय म्हंजे काय? आन् संध्याकाळी सोता आल्या, काकांच्या स्कूटरवर, खिचडीचा डबा घिऊन. काकांनी मला उचलून दवाखान्यात नेलं. माझ्या बापाला कळायच्या आधी हे दोघं आले होते.” इथं त्याचा बांध फुटला. “आन् बाई, आम्ही… मी तुमचा लई मोठा गुन्हेगार हाये. मी…”

मॉनिटरनं झेप घेऊन माइक काढून घेतला. “चला चला, आमरस गरम होतोय!” लोक हसत उठले. कन्नडवाला खुर्चीवर बसून रुमालात तोंड घालून रडत राहिला. बाई त्याच्याजवळ गेल्या, डोक्यावर हात ठेवला, आणि पुऱ्यांच्या रांगेकडं निघून गेल्या. मला तेव्हा त्याचा राग आला. आता फोडतो की काय हा सगळं! आज वाटतं, आमच्यात तोच एक शहाणा होता.

बाईंना घरी सोडायचं काम मी मागून घेतलं. बाकीच्यांना वाटलं कौतुकानं घेतलं. मला खरं तर सांगून टाकायचं होतं, आणि सांगायची हिंमतही नव्हती. गाडीत शाल मांडीवर, नारळ पायाशी. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. बाई काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, “तो फोटो कुठला गं?”

“कुठला बाई?”

“फ्लेक्सवरचा. माझा. मला आठवेना कुठं काढला होता.”

मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कळलं, सिग्नल सुटलाय.

बाई सांगत होत्या आणि मी गाडी चालवत होते. त्या ठरल्यापेक्षा बऱ्याच आधी निघाल्या होत्या. शाळेत वेळेआधी पोचायची सवय. गेटवर स्वतःलाच बघितलं. रिक्षावाल्यानंही बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी त्याला सांगितलं, जरा पुढं घे. पलीकडच्या रसवंतीवर बसून राहिल्या, उसाचा रस घेतला. “तुम्ही शिडी लावलीत ना, तेव्हा मी समोरच होते. तू त्या माणसाला काय काय बोललीस तेही ऐकलं. एवढ्या शिव्या शाळेत असताना येत नव्हत्या तुला. मग तुमचं आवरल्यावर आले रिक्षा करून. म्हटलं, पोरं ओशाळी होतील.”

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. बाजारातली बातमी, हातांची रांग, माझा मेसेज, त्याचं कौतुक, नवीन ग्रुप, ‘आम्हाला कळलंच नाही’ हे मी फोनवर बोललेलं खोटं. रडत सांगितलं. त्यांनी मधेच थांबवलं नाही, की असू दे म्हणाल्या नाहीत. संपल्यावर विचारलं, “फ्लेक्स कुठाय?”

“डिकीत.”

“दे मला. जाड असतो. गच्चीवर कुरडया घालायला होईल. उलटा टाकीन.”

घरी पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं. एवढ्या वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. पंखा लावला, पाणी आणून दिलं, माझ्यासमोर बसल्या. भिंतीवर काकांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मुलगा तेराव्यापर्यंत राहून पुण्याला गेला होता. घरात टीव्हीचा आवाज नाही, कशाचाच नाही.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “खरं सांग. रिबनीसारखं खोटं नको.”

“विचारा.”

“मी गेले असं तुम्हाला कळलं. इतकं वाईट वाटलं सगळ्यांना. मग घरी यावं असं कुणालाच कसं नाही वाटलं?”

लग्नसराई होती, हे मी नवऱ्याला सांगितलं होतं. इथं ते जिभेवर येईना. मनात त्या दिवशी जे होतं तेच सांगितलं. “बाई, मला वाटलं, तुम्हीच नाही, तर आता तिथं कुणाला भेटायला जायचं?”

त्यांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं.

“ह्यांना,” त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसले. बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं गाणं वाजत होतं. ते थांबलं.

“मला आयुष्यभर वाटायचं, आपण आधी जावं,” मग बाई म्हणाल्या. “सगळ्याच बायकांना वाटतं तसं. सवाष्ण जावं. हे गेले तेव्हा देवावर चिडले होते मी. म्हटलं, एवढंच मागितलं होतं तुझ्याकडं.” त्यांनी मांडीवरच्या शालीची घडी मोडली आणि पुन्हा नीट घातली. “आज त्या रसवंतीवर बसले होते ना, तेव्हा सारखं डोळ्यांपुढं येत होतं. मी गेलेय, आणि हे या खुर्चीत बसलेत. दाराकडं बघत. त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता गं. सारखं वाटत राहिलं असतं त्यांना, हिची पोरं येतील. एवढी पोरं हिची.”

त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या, “हेच आधी गेले.”